आधी दिवा सोडा

मित्रांनो, तुम्ही आमच्या गल्लीत आलात आणि मला शोधू लागलात, तर मी तुम्हाला सापडणार नाही. कारण तुम्ही माझ्याच डोक्यावर उभे असाल. मी एक जुनी रहाड आहे. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. नाशिकच्या पंचवटीत, एका अरुंद गल्लीच्या मधोमध, मला फार वर्षांपूर्वी कुणीतरी खोदले, घडीव दगडांनी बांधले आणि रंगपंचमीला रंगाने काठोकाठ भरले. त्या दिवशी माणसे माझ्यात उड्या मारतात. उडी मारण्याला आमच्याकडे धप्पा म्हणतात. सण झाला की रंगाचे पाणी काढून टाकतात, माझ्या तोंडावर सागाच्या जाड फळ्या बसवतात, फळ्यांवर माती लोटतात आणि मला विसरून जातात. मग वर्षभर त्या मातीवरून भाजीच्या हातगाड्या जातात, रिक्षा जातात, पूजेचे ताट घेतलेल्या बायका जातात, आणि माझी कुणाला आठवणही नसते.

वर्षातले साडेतीनशे दिवस अंधारात काढले की कुणाचाही स्वभाव तिरसट होतो. माझाही झाला आहे, मी ते लपवत नाही. पण या अंधारात मी एक गोष्ट शिकले. मी माणसे पावलांवरून ओळखते. कोण दमून आला, कोण घरात भांडून बाहेर पडला, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, हे मला वरच्यांच्या आधी कळते. 

आज मी तुम्हाला निवृत्तीची गोष्ट सांगणार आहे. तो आता नाही. पण त्याच्या गोष्टीत एक अशी सकाळ आहे, की त्या सकाळी माझ्या पोटात एक माणूस मरणार होता. मला ते समजले होते. वर जमलेल्या पन्नास जणांत कुणालाही समजले नव्हते. आणि मित्रांनो, दगडाला ओरडता येत नाही.

निवृत्ती मूळचा चांदवडकडचा. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि १९९० साली आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहू लागला. त्याचे पाऊल मला पहिल्याच आठवड्यात पाठ झाले. सरळ चालणे त्याला ठाऊकच नव्हते. दोन पावले टाकायचा, तिसरे लांबवायचा, मध्येच गिरकी घ्यायचा. पहिल्या पाळीहून दुपारी परतला की माझ्या डोक्यावर थांबून तीन वेळा टाच आपटायचा आणि मोठ्याने विचारायचा, "मावशी, जेवली का? मी नाय जेवलो अजून. तुझी भाची वाढत नाय मला!"

ही भाची म्हणजे त्याची बायको सुवर्णा. ती फार अबोल होती. तिचे पाऊल हलके, नेहमी भिंतीच्या कडेकडेने जाणारे. गल्लीतल्या पुरुषांसमोर तिचा आवाज मी वर्षानुवर्षे ऐकला नव्हता. निवृत्ती असा ओरडला की ती खिडकीतून हळूच म्हणायची, "अहो, वर या आधी. लोक हसतात."

"हसतात ना? मग अजून पाच मिनिटं थांबतो," तो म्हणायचा.

मी वरवर चिडायचे. पण खरे सांगते, वर्षभरात माझी विचारपूस करणारा तो एकटाच होता. दुपारी साडेतीन वाजले की मी त्या तीन टाचांची वाट पाहायचे.

त्याचा जिवलग दोस्त महेबूब. तो पलीकडच्या गल्लीत राहायचा आणि सातपूरलाच एका लहान वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. त्याचा डावा पाय थोडा अधू, त्यामुळे त्याचे पाऊल मी हजारांत ओळखीन. दोघे एकाच बसने जायचे. दर शनिवारी निवृत्ती बसमध्ये उभा राहून जाहीर करायचा की आज महेबूबचा वाढदिवस आहे. नेहमीचे लोक टाळ्या पिटायचे आणि नवीन चढलेला एखादा भाबडा माणूस महेबूबचा हात हातात घेऊन शुभेच्छा द्यायचा. महेबूब हे सगळे माझ्यावर उभा राहून लोकांना सांगायचा. तक्रार करत सांगायचा, पण सांगताना त्याला हसू आवरत नसे.

आता दिव्याची गोष्ट सांगते. ती नीट ऐका.

रंगपंचमीच्या आठ दिवस आधी माती काढतात, दोन फळ्या उचलतात आणि कुणीतरी शिडीने आत उतरून मला साफ करतो. गोटीराम हे गल्लीतले वडीलधारे. माझ्यापुढे नारळ फोडण्याचा मान त्यांच्या घराकडे. पहिल्या वर्षी निवृत्ती त्यांच्याजवळ गेला. तेव्हा तो थट्टा करत नव्हता. म्हणाला, "काका, बंद जागेत हवा खराब होते. आमच्याकडं बंद विहिरीत दोन माणसं गेली. त्यातला एक माझा सख्खा चुलता होता. आधी दिवा सोडून बघू. दिवा विझला तर उतरायचं नाय."

गोटीराम हसले. "अरे, आमच्या बापजाद्यांपासून उतरतायत. तू काल आला आणि आम्हाला शिकवतो?"

सगळे हसले. निवृत्ती स्वतःच आधी खाली उतरला. त्या वर्षी माझी हवा बरी होती, काही झाले नाही. पण उतरताना त्याचे हात शिडीवर घामाने घसरत होते, ते मी पाहिले.

दुसऱ्या वर्षी तो एक कंदील आणि गाठी मारलेला दोर घेऊन आला. गोटीरामांना त्याने काही विचारलेच नाही. दोन फळ्या निघताच तो पालथा पडला, डोके माझ्या तोंडात घातले आणि ओरडला, "मावशी, ओ मावशी! जावई आलाय! जागी हाय का?"

मग नाक दाबून, म्हातारीच्या आवाजात त्याने स्वतःच उत्तर दिले, "मेल्या, वर्षानं आठवण झाली व्हय? दम धर, तोंड धुते!"

गल्ली खो खो हसू लागली. तेवढ्या वेळात कंदील एकेक गाठ खाली येत होता. तो माझ्या तळाला टेकला आणि जळत राहिला, तेव्हा म्हातारी बोलली, "ये आता, चहा टाकलाय!" आणि निवृत्ती शिडीवरून खाली आला.

दुसऱ्या दिवशीपासून सगळ्या गल्लीच्या तोंडी तेच. पुढच्या वर्षी फळ्या निघाल्या तेव्हा लोकच ओरडू लागले, "निवृत्ती, आधी मावशीला विचार!" सरळ सांगितले तेव्हा कुणी एक मिनिट थांबले नव्हते. हसवले तेव्हा सगळे मुकाट्याने थांबले, आणि आपण कशासाठी थांबलो आहोत हे कुणाला कळले नाही. सुवर्णालाही नाही, महेबूबलाही नाही. वरच्यांना त्याची पाठ दिसायची आणि हवेत हलणारे पाय दिसायचे. त्याचा चेहरा फक्त मला दिसायचा. मित्रांनो, तोंडाने तो म्हातारीची नक्कल करत असायचा, पण डोळे एकदाही हसत नसत. ते ज्योतीवर खिळलेले असायचे.

१९९६ साली दिवा विझला. आदल्या पावसात गटाराचे पाणी माझ्यात झिरपले होते. चौथ्या गाठीवर ज्योत लाल झाली, बारीक झाली आणि गेली. निवृत्तीचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने नाक दाबले. "आज मी रुसलेय! परवा या!" लोक हसत घरी गेले. पुढचे दोन दिवस तो लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून माझ्यात खालीवर करत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मावशीला उकडतंय, वारा घालतोय." तिसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत जळला. त्या वर्षी काय टळले हे आम्हा दोघांनाच माहीत.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे. पहिल्या धप्प्याचा मान गल्लीने आपण होऊन निवृत्तीला दिला. गोटीराम नारळ फोडायचे, गल्लीतली फुलाबाई फुले उकळून केलेला पिवळा रंग माझ्यात ओतायची, आणि निवृत्ती पाय पोटाशी घेऊन असा काही पडायचा की रंग थेट दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत उडायचा. तिथे सुवर्णा उभी असायची. "अहो, साडी!" म्हणून ती ओरडायची. पण दर वर्षी त्या दिवशी ती एकच जुनी साडी नेसायची, आणि दर वर्षी खिडकीतून बाजूला व्हायला विसरायची. ती साडी मग ती धुवून, घडी करून पुढच्या वर्षासाठी ठेवायची. हे मला निवृत्तीनेच ओरडून सांगितले होते.

२००३ साली सिंहस्थ झाला. लाखो पावले माझ्यावरून गेली. गर्दी ओसरली, दिवाळीही झाली, आणि एका सकाळी वरून धावणारी पावले ऐकू आली. पहिल्या पाळीसाठी बसची वाट बघत असताना निवृत्तीच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले. तो चाळिशीचाही नव्हता.

दुपारी चार माणसे एका तालात, जड पावलांनी माझ्यावरून गेली. त्यात एक पाऊल अधू होते. माझ्यावर आल्यावर महेबूब थांबला, त्यामुळे चौघांनाही थांबावे लागले. कुणी टाच आपटली नाही. मग ते पुढे गेले. मला इतके वाईट आजवर कधीच वाटले नव्हते, आणि रडायला माझ्याजवळ पाणीही नव्हते.

पुढच्या रंगपंचमीला दुखवटा म्हणून मला उघडले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी पुढाकार घेतला नाही. महेबूब आमच्या गल्लीत यायचा बंद झाला. सुवर्णा बाजाराला जायची ती मागच्या बोळातून, लांबच्या वाटेने. माझ्यावर पाय ठेवणे तिला सोसत नव्हते. मी खाली सडत होते. दोन पावसाळ्यांचे पाणी आत झिरपले. पालापाचोळा, गटाराचा गाळ, सगळे तळाशी कुजले. ते पाणी सुकले, पण त्याची जड, मेलेली हवा तशीच साचून राहिली. एकदा फटीतून एक उंदीर आत पडला. तो भिंतीकडेने दोनदा धावला, मग हळू झाला, मग थांबला. तेव्हा मला माझीच भीती वाटली.

२००६ साली गल्लीत काँक्रीटचा रस्ता होणार असे ठरले. गोटीराम माझ्यावर उभे राहून म्हणाले, "दोन वर्षं उघडली नाही. आता कोण उतरतंय आणि कोण उड्या मारतंय? बुजवून टाकू आणि वरून होऊ द्या काँक्रीट."

ही बातमी महेबूबला लागली. त्या संध्याकाळी ते अधू पाऊल पुन्हा गल्लीत आले आणि सुवर्णाच्या खिडकीखाली थांबले. "भाभी, या वर्षी उघडली नाही तर ती गेली समजा. त्याच्या जागी मी उतरतो. साफ मी करतो. फक्त तुम्ही नको म्हणू नका."

सुवर्णा म्हणाली, "उघडा."

मी आनंदाने वेडी व्हायला हवे होते. पण त्या रात्रीपासून मला एकच चिंता लागली. निवृत्ती नाही, आणि माझ्या पोटात विष आहे.

ठरलेल्या सकाळी माती निघाली. दोन फळ्या उचलल्या गेल्या आणि तीन वर्षांनी ऊन आत आले. गोटीरामांनी नारळ फोडला. महेबूबने डोक्याला रुमाल बांधला आणि स्वतः वेल्डिंग केलेली लोखंडी शिडी आत सोडली. बारा पायऱ्या. वरच्या चार पायऱ्यांपर्यंत बाहेरची चांगली हवा उतरली होती. त्याखाली माझी हवा होती. महेबूबचे पाय नवव्या पायरीवर गेले की त्याचे नाक त्या हवेत बुडणार होते. मग हात सुटणार होते. त्याला काढायला दुसरा कुणीतरी उडी टाकणार होता, आणि तोही राहणार होता. मला हे सगळे घडण्याआधीच दिसत होते.

पहिली पायरी. दुसरी पायरी.

सुवर्णा भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागे उभी होती. मघाशीच गर्दीतून कुणीतरी पुटपुटले होते, की अशा कामाच्या वेळी तिने पुढे येऊ नये. ते तिने ऐकले होते. म्हणून ती मागेच थांबली होती.

तिसरी पायरी.

"थांबा," सुवर्णा म्हणाली. "आधी दिवा सोडा."

गर्दी वळली. तिचा आवाज कुणी ओळखलाच नाही, कारण तो कुणी ऐकलेलाच नव्हता.

गोटीराम समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, आता ती थट्टा कशाला? थट्टा करणारा माणूस राहिला नाही. उगाच सगळ्यांच्या जिवाला लागेल."

"लागू द्या. दर वर्षी करत होते ते. यंदाही व्हायला पाहिजे."

महेबूबने वर पाहिले नाही. "भाभी, तो खेळ त्याचा होता. मी नाही करणार. माझ्याच्यानं होणार नाही. मला माझं काम करू द्या." आणि आपले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून तो भरभर खाली येऊ लागला. चौथी. पाचवी. सहावी.

मित्रांनो, त्याची चूक तुम्ही समजून घ्या. तो निष्काळजी नव्हता. दोस्ताची आठवण त्याला सहन होत नव्हती, म्हणून तो दिवा टाळत होता. दुःखानेच त्याला आंधळे केले होते. मी माझे सगळे दगड घट्ट धरले. दुसरे काय करणार?

तेवढ्यात सुवर्णाचे पाऊल माझ्या काठावर आले. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा. ती भिंतीच्या कडेने आली नाही. गर्दीतून, गल्लीच्या मधोमध धावत आली. गुडघ्यांवर बसली, वाकली आणि महेबूबच्या सदऱ्याची कॉलर तिने मुठीत पकडली.

"वर या."

"भाभी, सोडा."

"नाही सोडणार. त्यांच्या दिव्याच्या आधी कुणी उतरायचं नाही. मला खाली ओढा नाहीतर वर या."

महेबूबचा एक पाय सातव्या पायरीवर होता, दुसरा सहाव्या. असा तो किती वेळ उभा राहिला ते मला सांगता येणार नाही. मग शिडी हलली आणि तो वर चढू लागला. बाहेर येऊन तो रागाने तोंड फिरवून बसला.

सुवर्णाने पदराखालून एक कापडात बांधलेली वस्तू काढली. तोच कंदील, तोच गाठींचा दोर. तिने काच पुसून आणली होती. कंदील पेटवून ती माझ्या तोंडाशी पालथी झाली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मग अगदी हळू ती म्हणाली, "मावशी... जावई आलाय. जागी हाय का?"

कुणी हसले नाही. फुलाबाई पदराने डोळे पुसू लागली.

कंदील उतरू लागला. एक गाठ. दोन गाठी. तीन. ज्योत आखडली, लाल झाली. चौथ्या गाठीशी विझली.

"वाऱ्यानं गेला," गोटीराम म्हणाले.

"कंदिलाला काच हाय," फुलाबाई म्हणाली. "काचेत वारा कुठून शिरतो?"

सुवर्णाने तो ओढून पुन्हा पेटवला. पुन्हा चौथी गाठ, पुन्हा अंधार. आता महेबूब उठला. त्याने कंदील घेतला, वात वर केली, रॉकेल हलवून पाहिले, पेटवला आणि स्वतः दोर सोडला. ज्योत चौथ्या गाठीपर्यंत ताठ आली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली.

मग सुवर्णाच्या तोंडून आपसूक शब्द निघाले, कारण दहा वर्षांपूर्वी दिवा विझला तेव्हा पुढे हेच वाक्य आले होते. "आज मी रुसलेय. परवा या."

बोलता बोलता ती थांबली. तिने महेबूबकडे पाहिले. महेबूबनेही तिच्याकडे पाहिले. डहाळ्या, वारा घालणे, म्हातारीचा रुसवा, सगळे त्या दोघांना एकाच वेळी कळले असावे. आपण सातव्या पायरीवर पाय ठेवला होता हे महेबूबला आठवले. तो आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिला.

"त्यानं मला सांगितलं होतं," गोटीराम म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पहिल्याच वर्षी. दिवा विझला तर उतरायचं नाही म्हणाला. चुलता गेला म्हणाला त्याचा. मी हसलो त्याला. सगळ्यांसमोर हसलो. आणि नंतर विसरूनही गेलो."

सुवर्णाने डोके माझ्या काठावर टेकले आणि ती मोठमोठ्याने रडू लागली. नवरा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. रडता रडता ती म्हणत होती, "मला वाटायचं लोकांना हसवायला करतात. मीसुद्धा म्हणायचे, पुरे करा. मीसुद्धा म्हणायचे." तिचे अश्रू माझ्या दगडांवर पडले. मला तिला सांगायचे होते, की त्याला हसवायलाही आवडायचे गं, ते खोटे नव्हते. तो हसवायचाही आणि राखायचाही. पण माझे बोलणे तिला कसे ऐकू जाणार?

मग सगळी गल्ली कामाला लागली. सगळ्या फळ्या काढल्या. लिंबाच्या डहाळ्या आल्या. महेबूबने दोर बांधला. आळीपाळीने लोक डहाळ्या खालीवर करू लागले. गोटीराम दर तासाला आपली पाळी नसताना येऊन दोर हातात घेत. बाहेरून जाणारा कुणी विचारी, "काय चाललंय?" तर फुलाबाई सांगे, "मावशीला उकडतंय, वारा घालतोय." दोन दिवस ते चालले. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरे वाटले.

तिसऱ्या सकाळी कंदील चौथी गाठ ओलांडून खाली आला. पाचवी, सहावी, असे करत बाराव्या गाठीला तो तळाला टेकला. ज्योत ताठ उभी होती. वर सगळे सुवर्णाकडे पाहू लागले. ती लाजली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि नाक दाबले. "ये आता, चहा टाकलाय!"

नक्कल अजिबात जमली नव्हती. तरी गल्ली इतकी हसली की भाजीच्या गाड्या थांबल्या.

महेबूब खाली उतरला. तळाशी पोचल्यावर त्याने झाडू घेतला नाही. माझ्या भिंतीला कपाळ टेकले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असे म्हणाला, "निवऱ्या, एवढी वर्षं आम्हा सगळ्यांना वाचवत होतास आणि वर माझ्याच वाढदिवसाच्या टाळ्या पिटवत होतास. एकदा सांगायचंस ना, यार."

रंगपंचमीला मी पुन्हा पिवळ्या रंगाने भरले. पहिल्या धप्प्यासाठी महेबूबला पुढे केले. त्याने पाय पोटाशी घेऊन उडी मारली खरी, पण रंग पहिल्या मजल्याच्याही वर गेला नाही. वरच्या खिडकीत सुवर्णा उभी होती. तिने तीच जुनी साडी नेसली होती. ती कोरडीच राहिली. मग फुलाबाई रंगाची बादली घेऊन जिना चढून गेली आणि तिने सुवर्णाला पदरापासून निऱ्यांपर्यंत भिजवले. तिला अडवायला कुणी आले नाही.

आता गल्लीत काँक्रीट आहे, पण माझ्या तोंडापुरती जागा फळ्यांची ठेवली आहे. दर वर्षी मला उघडतात तेव्हा आधी दिवा येतो. आणि दुपारी कधीतरी एक हलके पाऊल माझ्यावर थांबते आणि टाच आपटते. तीन वेळा.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, अंधारातली एक जुनी रहाड आहे. पण माझे एवढे ऐका. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कुणी सारखी थट्टा करत असेल, तर हसताना एकदा वाकून त्याचा चेहरा पाहा. तो कुणाची काळजी घेतो आहे ते दिसेल. आणि असा माणूस गेला तर आठवण टोचते म्हणून त्याचे खेळ बंद करू नका. मी आता दर वर्षी खालून वर पाहते. ज्योतीच्या मागे, माझ्या तोंडाशी एक चेहरा वाकलेला असतो. सुवर्णा नाक दाबून म्हातारीचा आवाज काढत असते आणि वर सगळे हसत असतात. तिचे डोळे मात्र ज्योतीवरून हलत नाहीत.